नटावरची लाल रेघ

दार पुन्हा अडकलं होतं.

नाथाजींनी खाचेत बोटं घालून ओढून बघितलं. निम्मं दार भिंतीच्या आत, निम्मं बाहेर, आणि खालची कड फरशीवर टेकलेली. कालच तर नीट केलं होतं. परवाही केलं होतं. की केलंच नव्हतं?

साताऱ्यातलं हे घर लहान. झोपायच्या खोलीला लागून न्हाणीघर काढलं, तेव्हा दार उघडायला जागाच उरेना. म्हणून मुलानं, साईराजनं, भिंतीच्या पोटात सरकणारं दार बसवून दिलं. वर रूळ, रुळात दोन चाकं, चाकांना नटानं टांगलेलं दार. नट ढिला पडला की दार त्या बाजूनं खाली येतं आणि अडतं. एवढंच. आणि नाथाजींनी तर अठ्ठावीस वर्षं फौजेच्या वर्कशॉपमध्ये गाड्या खोलल्या, जोडल्या. त्या माणसाला एक नट धड आवळता येऊ नये?

“आवं, झालं का न्हाई दार?” स्वयंपाकघरातून साळूबाईंनी विचारलं. “काल सांगितलं हुतं, बघा म्हणून. बघितलंच न्हाईसा न्हवं?”

“बघितलं की गं.”

“मग रातनं आपोआप ढिलं व्हतंय व्हय? तुमी आताशा लय इसरताय. साखरंचा डबा फ्रिजात ठिवलासा. साईराजचा फोन आला तरी मला सांगत न्हाईसा.”

फोनचं त्यांनी सांगितलं होतं. दोनदा. निदान त्यांना तसं वाटत होतं. पण साळूबाईंपुढं वाद घालायची सोय नव्हती. अठ्ठेचाळीस वर्षांचा संसार. गावाकडं, माण तालुक्यात, कुठली शेळी कधी व्याली आणि कुणाच्या लग्नात कोण रुसलं, सगळं बाईला तोंडपाठ. ती म्हणते म्हणजे डबा आपणच ठेवला असणार.

सोमवारी साईराज येणार होता, त्यांना सांगलीच्या मेंदूच्या डॉक्टरांकडं न्यायला. “आप्पा, नुसतं दाखवून येऊ,” म्हणाला होता. पोराला सुई टोचायला नेताना बापानं लावावा तसा आवाज त्यानं लावला होता, आणि तोच नाथाजींना जास्त लागला. मरणाला ते भीत नव्हते. सीमेवर असताना ती भीती कधीच मोडली होती. आता रात्रंदिवस एकच घोर लागला होता, आपलं डोकं गेलं तर हिला कोण बघणार? हिच्या गोळ्या, भाजीपाला, गॅस बंद केलाय का ते बघणं, सगळं त्यांच्याकडंच होतं.

ते स्टुलावर चढले, रूळ झाकणारी वरची पट्टी काढली. नट ढिला होताच. दाराखाली पाचर सारून ते उचललं आणि पाना लावून नट असा आवळला की दंडाच्या शिरा तटतटल्या. मग त्यांना वर्कशॉपमधली एक रीत आठवली. मोक्याचा नट आवळला की नटावरून खालच्या लोखंडापर्यंत रंगाची एकच रेघ ओढायची. नट हलला की रेघ तुटते. वादच मिटला! फाटकाचा लाल रंग डब्याच्या तळाशी उरला होता. काडी बुडवून त्यांनी रेघ ओढली.

दुसऱ्या दिवशी दुपारी दार अडकलं.

नाथाजी स्टुलावर चढले. रेघच नसली तर? पण रेघ होती. म्हणजे काल नट आवळला होता, नक्की आवळला होता. आणि रेघ तुटली होती. नटावरचा तुकडा पार पलीकडं फिरला होता आणि रंगावर पान्याचे ताजे ओरखडे होते.

त्यांचा जीव भांड्यात पडला. “डोकं शाबूत हाय गड्या!” ते स्वतःशीच म्हणाले आणि चक्क हसले.

पण मग हे करतंय कोण? साळूबाईंनी जन्मात पाना हातात धरला नव्हता. उरली भांडी घासायला येणारी धोंडुबाई. तिचं आपण काय वाकडं केलंय? रात्रभर त्यांचा डोळ्याला डोळा लागला नाही. त्यांनी नट परत आवळला होता, पण बायकोला अवाक्षर सांगितलं नव्हतं. आधी हातात पुरावा पाहिजे.

सकाळी टोपी घालून ते म्हणाले, “माजी सैनिकांच्या कचेरीत जाऊन येतो.”

“लवकर या,” साळूबाई म्हणाल्या.

कोपऱ्यावरच्या टपरीत त्यांनी चहा घेतला. अर्ध्या तासानं ते परत फिरले, तर फाटकातच धोंडुबाई भेटली. काम आटपून ती घरी निघाली होती.

“न्हाणीघराचं दार आताच हलवून बघितलं का गं तू?”

“मी कशाला बघू? न्हाणीघराकडं गेलीच न्हाई मी,” ती म्हणाली आणि भराभर निघून गेली.

तेवढ्यात आतून लोखंडावर लोखंड वाजलं.

नाथाजींनी चपला बाहेरच काढल्या. भिंतीला धरून, श्वास रोखून ते खोलीच्या उंबऱ्याशी आले.

स्टुलावर साळूबाई उभ्या होत्या. वरची पट्टी पलंगावर पडलेली, हातात पाना.

“आरं तिच्या!” नाथाजींना राग आला आणि हसूही फुटलं. “तू व्हय? आणि मी हितं येडा व्हायच्या वाटंवर हाय! सोमवारी डॉक्टरकडं चाललो हुतो गं मी!”

साळूबाईंनी वळून बघितलं. सावकाश खाली उतरल्या. पाना पलंगावर ठेवला, डोक्यावरून पदर घेतला आणि नजर खाली घालून बाजूला सरकल्या.

“बरं झालं मिस्त्री, आलासा,” त्या म्हणाल्या. “ह्ये दार लय आवळून बसलंय बघा. आमच्या मालकांच्या आताशा काय ध्यानात ऱ्हात न्हाई. त्ये घरी यायच्या आत तेवढं ढिलं करून द्या.”