किल्लीजवळची तबकडी

घिस्लेनचा हिशेब सरळ होता. त्याच्या जुन्या वस्तूंच्या दुकानातलं ते एक कपाट विकलं गेलं की दुकान वाचणार आणि रुसून गेलेली बायको परत येणार. शेजारचा दुकानदार म्हणून माझा फायदा एवढाच, की तमाशा फुकट होता.

कपाट फ्रान्सच्या सोळाव्या लुई राजाच्या काळातलं. कडांना सोन्याचं पाणी दिलेलं ब्राँझ, दारावर गुलाब रंगवलेल्या चिनी मातीच्या तबकड्या. कोपऱ्यातली फुटली होती, म्हणून चिनी मातीवर चित्रं रंगवणाऱ्या ओदिलने तिची नक्कल रंगवली आणि खोडी म्हणून पाकळीवर एक माशी काढली.

“ती माशी पुसा, बाई,” घिस्लेन म्हणाला.

“भट्टीत भाजलेली माशी पुसतात होय? गिऱ्हाईक गुलाब बघेल.”

दुपारी माशी शेजारच्या जुन्या तबकडीवर होती.

“आता ही कशाला काढलीत?”

ओदिलचा चेहरा उतरला. “त्या तबकडीला मी हात लावलेला नाही.”

मी नखाने खरवडून पाहिलं. नख चकाकीवरून घसरलं. माशी आत होती. नकलेवर नुसती पाकळी उरली होती.

गिऱ्हाईक आलं तेव्हा माशी किल्लीजवळच्या तबकडीवर पोचली होती. घिस्लेनने डोळ्याने खुणावलं, तसा मी तिच्यावर तळवा ठेवून उभा राहिलो.

“हात काढता का जरा?” गिऱ्हाईक म्हणालं.

काढला. तबकडी स्वच्छ होती. व्यवहार झाला.

“शेजारबुवा,” ओदिल हळूच म्हणाली, “तळव्यावर काय बसलंय तुमच्या?”

घिस्लेनचं दुकान वाचलं, गिऱ्हाइकाला कपाट मिळालं, आणि मी तळवा खरवडायला गेलो तर नख घसरलं.