जुना पाइप

कौनास शहरातल्या आमच्या वसाहतीला ऊब पुरवणारा गॅसचा बॉयलर गेला आणि लाकडाच्या ढलप्यांवर चालणारा नवा आला. घरोघरी नव्या नळ्या बसल्या. आमच्या इमारतीतला जुना लोखंडी पाइप तेवढा खालपासून वरपर्यंत कापून काढायचा होता, पण दुसऱ्या मजल्यावरच्या ब्रोनेआजी त्याला हात लावू देईनात.

नळकाम करणारा झिद्रूनास तिसऱ्यांदा करवत घेऊन आला. "आजी, नवीन नळीनं घर तापतंय ना?"

"तापतंय की! स्वेटर कपाटात गेला."

"मग हे गंजकं भूत कशाला पाळताय? त्यात आता पाणीसुद्धा नाही."

"किती वाजले?"

"आठला पाच कमी."

"पाच मिनिटं बस. चहा घे. मग बोल."

बरोबर आठला पाइप वरून वाजला. ठक, ठक, ठक. आजींनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि लाकडी चमच्यानं पाइपवर तीन ठोके दिले.

"चौथ्या मजल्यावरची स्तासे," त्या म्हणाल्या. "गुडघ्यांमुळे ना तिला जिना उतरवत, ना मला चढवत. अकरा वर्षं झाली. रोज सकाळी एवढंच कळवतो, की उठलेय गं."

"मग फोन करायचा ना!"

"फोनवर तासभर सुनेला शिव्या घालते ती."

झिद्रूनास हसला. करवत पिशवीत ठेवून त्यानं कागद काढला. 'जुना पाइप' या रकान्यात त्यानं लिहिलं, 'वापरात आहे.'