अर्धी गोळी

सरकारी दवाखान्याच्या खिडकीतून हातात पडलेल्या गोळ्यांच्या दोन्ही पट्ट्या जळबाने तिथेच चाचपून पाहिल्या. त्याला डोळ्यांनी काहीच दिसत नव्हतं. बीपीची गोळी गोल आणि शुगरची लांबट, एवढ्यावर त्याचं इतकी वर्षं भागत आलं होतं.

"बाई, ह्या तर दोन्ही गोलच हायेत."

"जुन्या गोळ्या फुकटच्या यादीतून काढल्या, बाबा. आता ह्याच मिळणार," गोळ्या देणारी मिना म्हणाली. "पांढरी बीपीची, ती पुरी घ्या. पिवळी शुगरची. ती डबल पावरची आलीय, अर्धीच घ्यायची. पुरी घेतली तर चक्कर येऊन पडाल."

तिने स्वतःच पिवळी पट्टी त्याच्या डाव्या खिशात घातली, पांढरी उजव्या.

हट्टा गावाकडे जाणाऱ्या जीपमध्ये भाडं काढताना एक पट्टी खाली पडली. कोणीतरी ती उचलून त्याच्या खिशात कोंबली. घरी येऊन चाचपतो, तर दोन्ही पट्ट्या एकाच खिशात.

घरी बायको होती, पद्माबाई. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. गल्लीतली माणसं सोयाबीन काढायला गेलेली. जुन्या गोळ्या संपून चार दिवस झाले होते आणि सकाळपासून जळबाचे कान भणभणत होते. त्याने कशीबशी अर्धी भाकर खाल्ली.

पद्माबाईने पट्ट्या दारातल्या उन्हात धरल्या. डोळ्यांजवळ नेल्या, लांब नेल्या.

"ही पिवळी," ती म्हणाली. मग दुसरी धरली. "न्हाई, थांबा. ही. ही पिवळी वाटून राहिली."

"वाटून राहिली का दिसून राहिली?"

तिने दोन्ही पट्ट्यांतली एकेक गोळी काढून त्याच्या हातावर ठेवली.

 तिने पिवळी म्हणून दिलेली गोळी जळबाने नखाने मोडली. एक अर्धी, एक पुरी, दोन्ही जिभेवर ठेवल्या, पण गिळवेना. पद्माबाईने तांब्या पुढे केला.  डोळे मिटून तो घटाघटा प्याला.

भिंतीला टेकायला तो आत वळला, तसा तिने मागून त्याचा सदरा धरला.

"आत नका बसू. दारात बसा. जाता-येता कोनाला दिसाल तरी."