लेकीचा चोरदरवाजा

आई दारातून आत शिरली आणि थेट समोरच्या भिंतीवर जाऊन आदळली. मग तिने गर्रकन वळून छताकडे पाहिलं आणि टेबलावर चढून उभी राहिली.

"आई, खाली उतर. डाव्या अंगठ्याने चालायचं, उजव्याने बघायचं," सोफ्यावर शेजारी बसलेली लेक म्हणाली.

"कळतं मला," आई म्हणाली आणि पुन्हा भिंतीवर गेली.

घर लेकीनेच बांधलेलं होतं. टीव्हीच्या पडद्यावर, खेळातल्या ठोकळ्यांचं. दोन खोल्या, पुस्तकांचं कपाट, शेकोटी, कोपऱ्यात झाडाची कुंडी. बाहेर दाराशी एक पितळी घंटासुद्धा टांगलेली. या घरात कुठेतरी एक चोरदरवाजा होता आणि वॉशिंग मशीनमधले कपडे धुऊन होईपर्यंत आईने तो शोधून दाखवायचा होता. ठोकळे फोडायचे नाहीत. दरवाजा सापडला, तर लेकीने कडीचा विषय पुन्हा काढायचा नाही. नाही सापडला, तर आईने लेकीच्या खोलीची कडी परत बसवायची.

"पाहुण्यासारखी ये हं, नीट," लेकीने सुरुवातीलाच सांगितलं होतं.

"आई कधीपासून पाहुणी झाली गं?" असं म्हणत आई घंटेला बगल देऊन आत घुसली होती.

कडीचं प्रकरण अलीकडचंच. एका दुपारी लेक कानात गाणी लावून झोपली होती, खोली आतून बंद. आईने दार बडवलं, हाका मारल्या, फोन केला. आत हूं नाही की चूं नाही. तेवढ्या वेळात आईच्या मनात नाही नाही ते येऊन गेलं. लेक डोळे चोळत बाहेर आली तेव्हा आईला रडूही आलं आणि रागही. त्याच संध्याकाळी तिने दाराची कडीच काढून टाकली. तेव्हापासून आई कधीही खोलीत येई. कधी घड्या घातलेले कपडे घेऊन, कधी पाण्याचा पेला घेऊन, आणि काहीच हाताशी नसलं की, "काही नाही, सहज." एकदा लेकीच्या टेबलाचा खण फार नीटनेटका दिसला. लेक तो कधीच आवरत नसे.

आईला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. विमानतळावर लोकांच्या बॅगा तपासण्यात तिचा जन्म गेला होता. तिच्या हाताखालच्या मुली यंत्राच्या पडद्याकडे बघत. आई बॅगवाल्याच्या डोळ्यांकडे बघे. जिथे लपवलंय तिकडे माणूस चोरून एकदा तरी बघतोच, हे ती नव्या मुलींना पहिल्याच दिवशी शिकवी. म्हणून आताही तिने पडद्यावरची नजर काढली आणि हळूच लेकीकडे वळवली.

लेकीने गॉगल चढवला होता.

"घरात गॉगल?" आईने विचारलं.

"ऊन आहे," पडद्यावरच्या सूर्याकडे बोट दाखवून लेक म्हणाली.

मग आईने पदर खोचल्यासारखी सुरुवात केली. कपाटाला खेटून चालली. कुंडीवर उडी मारली. शेकोटीत शिरली आणि लेकीने तिच्या हातातला कंट्रोलर ओढून घाईघाईने बाहेर काढेपर्यंत जवळजवळ जळून मेली. एकेका ठोकळ्यासमोर उभी राहून ती नाक लावून बघत होती. दारातून बाहेर गेली, घराला फेरी मारली, पुन्हा तशीच आत आली. असं तिने चार-पाचदा केलं. दर वेळी लेक गॉगलमागून बघत राहिली.

"आत आहे तरी काय एवढं?" आईने शेवटी विचारलं.

"काही नाही. एक खुर्ची आहे."

"खुर्चीसाठी कुणी चोरदरवाजा करतं? मी काय काल जन्मले? कुणी बॅगेला खोटा तळ केला, की त्याखाली काहीतरी असतंच."

"आई, ही बॅग नाहीये," लेक म्हणाली.

वॉशिंग मशीनने शिटी दिली. आईने हातातला कंट्रोलर खाली ठेवला. आजवर तिच्या नजरेतून सहसा काही सुटलं नव्हतं आणि आता पोटच्या पोरीपुढे तिने हात टेकले होते. पण शब्द म्हणजे शब्द. ती उठून आपल्या खोलीकडे निघाली.

"टॉवेलांच्या मागे आहे कडी," लेक म्हणाली. "खालचा कप्पा."

आईने वळून तिच्याकडे पाहिलं. मग टॉवेलांच्या मागून कडी काढून आणली. जुनीच भोकं होती, स्क्रू मुकाट बसले. लेक आत गेली, दार लागलं, कडी सरकली.

आई स्क्रूड्रायव्हर हातात धरून बाहेर उभी राहिली. तिला रिकामं रिकामं वाटलं. पोरीने घराबाहेर काढल्यासारखं, आणि तेही स्वतःच्याच घरातून. वर तो दरवाजा डोक्यातून जात नव्हता. सवयीने तिने दार ढकललं. ते हललं नाही. तिने हात वर नेला, थांबली, आणि बोटाने दोनदा हलकेच टकटक केलं.

"कोण?"

"कोण म्हणजे? मी आहे. अगं, तो दरवाजा होता तरी कुठे? तेवढं सांग, नाहीतर मला घास जायचा नाही."

मग लेक दाराजवळ आल्याचं ऐकू आलं.

"आत्ता वाजवलंस ना, तसंच करायचं होतं. बाहेरची घंटा वाजवली, की भिंत आपोआप सरकते," लेक म्हणाली आणि तिने कडी काढली.