बेशिकचे पट्टे

सून नूरजामाल पोराला बेशिकमध्ये, म्हणजे पट्ट्यांच्या लाकडी पाळण्यात, बांधत नाही, दिवसभर कडेवर मिरवते, ही सायराकानची तक्रार साऱ्या गल्लीने ऐकली होती.

"अपा, त्या पाळण्यात हातपायसुद्धा हलवता येत नाहीत हो त्याला," सून म्हणायची.

"सात पोरं बांधली मी त्यात, तुझा नवरा त्यातलाच. विचार त्याला, काही आठवतंय का. मलाही माझ्या आईने बांधलंच होतं. एवढ्या लहानपणचं कुणाला आठवतं गं?"

थंडीत अंगणातल्या बर्फावर सायराकान घसरली आणि तिचा खुबा मोडला. डॉक्टरांनी तिला पाठीवर झोपवून कमरेला न् गुडघ्यांना पट्टे आवळले. सहा आठवडे हलायचं नाही. दोघांचं करता करता सून मेटाकुटीला आली. शेवटी सासूचं ऐकून तिने पोरालाही बेशिकमध्ये बांधलं आणि बेशिक सासूच्या खाटेशेजारी ठेवला.

दुपारी दुलईतून सुटलेला लोकरीचा एक धागा पोराच्या नाकावर येऊन बसला. ते तोंड वेडंवाकडं करत रडू लागलं, पण हात दोन्ही पट्ट्याखाली. सायराकानने आपला हात लांबवला, तो वीतभर कमी पडला. पोर रडायचं थांबलं आणि तिच्याकडे नुसतं बघत राहिलं.

तिने सुनेला हाक मारली.

 

"सोड त्याला आधी. मला काही आठवत नव्हतं म्हणून मी सात बांधली. तुला तर डोळ्यांनी दिसत होतं ना, मग माझं कशाला ऐकलंस?"