हळू चालवलेला भिकाजी

अर्धांगाच्या झटक्यानंतर मेंदूत चिप बसवली, तेव्हापासून भिकाजी बायकोला ओळखेना. आज दवाखान्यातल्या इंजिनिअर बागवान मॅडमनी चिपच्या जागी तिची हुबेहूब नक्कल करणारा एम्युलेटर जोडला आणि बटण दाबत प्रोग्रॅममधली एकेक सूचना पुढे सरकवली. सकाळची दुपार झाली, तेव्हा कुठे त्याच्या तोंडून निघालं, "अगं शेवंते..."

शेवंताने तोंडाला पदर लावला. "सापडला ना दोष?"

"नाही मावशी. हळू चालवलं की दोष उमटतच नाही. वेगात सोडलं की तुम्ही परक्या."

"मग हळूच चालू द्या की!"

"अशाने एक घास गिळायला दिवस जाईल. जगायचे नाहीत ते."

शेवंताने त्याच्या सुकलेल्या ओठांकडे पाहिलं. "सोडा वेगात," ती म्हणाली. "उपाशी आहेत."

भिकाजी तिच्याकडे वळला. "अहो बाई, आमच्या घरचं कुणी आलं नाही का?"