माडावर चढणारा

कुशलने स्कूटरवरून माडावर चढायचं यंत्र उतरवलं, दोरी खांद्याला अडकवली आणि फाटक ढकलून तो अंगणात आला. श्यामलाकाकू ओटीवर उभ्याच होत्या.

"कोण रे? नारळ काढायला माणूस पाठवतो म्हणाले होते प्रशिक्षण केंद्रातले. आला का तो?"

"मीच आलोय, काकू."

काकूंनी चष्मा पदराला पुसला आणि पुन्हा लावला. "अगोबाई! तू मार्तंडभावजींचा कुशल ना? बी.कॉम. झालेला?"

तिथेच घोडं अडलं.

सरकारी प्रशिक्षण घेतलेल्यांपैकी गावात उरलेला तो एकटाच. बाकीचे केव्हाच मुंबईला पांगले होते. संध्याकाळी समुद्रावर गेला तर बोलायला कुत्रं तेवढं असायचं, तेही दुसऱ्याचं. आजचं हे त्याचं पहिलंच बोलावणं. काम जमलं तर गावात राहायचं, नाहीतर सोमवारी पनवेलच्या गोदामात हजर व्हायचं, असं घरी ठरलं होतं. त्याला गाव सोडायचं नव्हतं.

"कुठल्या माडापासून सुरू करू?" त्याने विचारलं. विहिरीकडचे माड लगडले होते. खाली पडून राहिलेल्या नारळांना कोंब फुटले होते.

"वेड लागलंय का तुला? वाडीवाल्यांचा मुलगा तू. तुला मी माडावर चढवू? भावजींना तोंड कसं दाखवू मग?"

"वाडी वादळात गेली, काकू. आमच्याकडे चढायला माड उरलेत कुठे?"

"म्हणून लोकांच्या माडावर चढायचं? बस आधी. चहा टाकते."

हाकलून दिलं असतं तर भांडता तरी आलं असतं. माया करणाऱ्या माणसाशी भांडायचं कसं, हे काही प्रशिक्षणात शिकवलं नव्हतं. यंत्र पायरीशी ठेवून तो बसला.

चहाबरोबर पोहेही आले. काकू बोलत सुटल्या. मुलगा पुण्याला, सून पुण्याला, नातीला मराठी वाचता येत नाही, टीव्ही बिघडलाय. या ओटीवर बऱ्याच दिवसांत कोणी टेकलं नसावं. कुशल हो हो म्हणत राहिला आणि त्याची नजर माडांकडे जात राहिली.

"काकू, एक तरी माड करू द्या. नीट येतं मला."

"पुन्हा तेच! अरे, शिकलेला मुलगा तू. मी जावयाला सांगते, बँकेत कुठे चिकटवता येतं का बघा म्हणून."

असं सांगणारे त्याला पुष्कळ भेटले होते. त्याला एकदम रडू आलं. ते चहाच्या घोटाबरोबर त्याने गिळलं आणि उठून यंत्र पुन्हा खांद्यावर घेतलं.

"थांब जरा. इतक्या वर्षांनी आलास, रिकाम्या हाताने जाऊ नकोस."

काकू लगबगीने आत गेल्या आणि एक शेंडीचा नारळ घेऊन आल्या. तो त्यांनी त्याच्या हातात ठेवला, वर मूठभर साखर दिली.

"कालच बोर्लीच्या बाजारातून आणवलाय," त्या म्हणाल्या. "दारात एवढे माड, पण करू काय? चढायला माणूसच मिळत नाही रे."